नाक्यापासून न्यायासनापर्यंत

नगर शहरातून पुणे, कल्याण, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, दौंड, जामखेड, पाथर्डी असे चोहो दिशांना रस्ते फुटतात. आणि उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतरच्या थंडीत या रस्त्यांवर रात्रीच्या वेळी दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कांद्याच्या गोण्या लादलेले टेंपो, शिर्डी-शनिशिंगणापूरच्या भाविकांच्या मोटारी आणि लग्नघरांहून परतणाऱ्या मोटारसायकली एकाच अंधारातून वाट काढीत असतात. मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली कडेला उभी असावी आणि मागून येणाऱ्या चालकाची नजर मद्याने मंदावलेली असावी, एवढा दुर्योग एका कुटुंबाचा कायमचा नाश करण्यास पुरेसा असतो. तो टाळावा म्हणून पोलीस नाकाबंदी करतात, नाकाबंदीत सापडलेल्या इसमास रुग्णालयात नेतात, रुग्णालयातून ठाण्यात आणि पुढे न्यायासनासमोर उभे करतात. हा सारा क्रम संबंधित अंमलदारांच्या अनुमतीने मी गेल्या हंगामात जवळून पाहिला. आणि या क्रमात माणसाच्या श्वासाची, रक्ताची, डोळ्यांच्या बाहुल्यांची आणि चालीची कसून तपासणी होत असता त्याच्या मनाची विचारपूस मात्र कोठेच होत नाही, ही गोष्ट जितकी पाहावी तितकी मला अधिकाधिक अस्वस्थ करीत गेली.

नाक्यावर लोखंडी अडथळे तिरकस लावून रस्ता एका गाडीपुरता अरुंद केलेला असतो. अनुभवी हवालदार यंत्र आधी पुढे करीत नाहीत. खिडकीपाशी वाकून ते “कुठून आलात? कुठं निघालात?” असे दोन साधे प्रश्न विचारतात, कारण उत्तरापेक्षा उत्तराबरोबर येणारा वास आणि जिभेचा जडपणा त्यांना पाहावयाचा असतो. संशय आला की श्वासाच्या यंत्राला कोरी प्लॅस्टिकची नळी लावली जाते आणि “फुंका, जोरात, थांबू नका, अजून” असा घोष सुरू होतो. कोणी नळी नुसती ओठांत धरून गाल फुगवितात, कोणी फुंकण्याऐवजी हवा आत ओढतात. यंत्र तो श्वास नाकारते, हवालदार पुन्हा सांगतात, आणि शेवटी छातीच्या तळापासून निघालेली हवा यंत्रात गेली की आकडा उमटतो. फुप्फुसाच्या खोल भागातील हवेत जितका मद्यार्क असतो त्याच्या सुमारे दोन हजार शंभर पट तो तेवढ्याच आकारमानाच्या रक्तात असतो, या गृहीतावर तो आकडा उभा असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८५ ने घातलेली मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तास तीस मिलिग्रॅम मद्यार्क, एवढी आहे.

“साहेब, फक्त एक क्वार्टर घेतली होती, तीही रात्री,” असे सांगणारे बहुसंख्य असतात आणि त्यांतील पुष्कळसे खरेच बोलत असतात, म्हणून या क्वार्टरचा हिशेब एकदा मांडणे आवश्यक आहे. एकशे ऐंशी मिलीलिटरच्या बाटलीत, शेकडा ४२.८ या नेहमीच्या तीव्रतेने, सुमारे साठ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तो सर्व उतरला तर शंभर मिलीलिटरमागे सुमारे दीडशे मिलिग्रॅमपर्यंत पातळी चढते. यकृत ती ताशी पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास उतरवते. म्हणजे कायद्याच्या मर्यादेखाली येण्यास सुमारे आठ तास लागतात. रात्री अकराला बाटली संपवून पहाटे चारला कांदा घेऊन मार्केटकडे निघालेला टेंपोचालक स्वतःच्या समजुतीप्रमाणे झोप काढून ताजातवाना झालेला असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मर्यादेच्या दुप्पट-अडीचपट मद्य रक्तात वागवीत असतो. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. हे गणित परवाना देतानाच शिकविले पाहिजे; पुष्कळांना ते प्रथम नाक्यावर कळते.

यंत्राने दोष दाखविल्यानंतर घड्याळाशी स्पर्धा सुरू होते. कलम २०२ प्रमाणे अशा गुन्ह्यासाठी अटक केलेल्या इसमाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तपासणी झाली पाहिजे, न झाल्यास त्यास सोडून द्यावे लागते. नाका जितका आडवाटेला, तितके हे दोन तास तोकडे पडतात. ग्रामीण रुग्णालयात एकटेच असलेले वैद्यकीय अधिकारी बाळंतीण तपासीत असतात, सर्पदंशाचा रुग्ण नुकताच आलेला असतो, आणि त्या गर्दीत दोन शिपाई एका झिंगलेल्या माणसाचे दंड धरून उभे असतात. डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटते; तिला मी दोष देत नाही.

तपासणीची पद्धत मात्र विचारपूर्वक घडविलेली आहे, आणि तिच्या मागे मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ व त्याखालील १९५९ चे रक्तचाचणीचे नियम यांची दीर्घ परंपरा आहे. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसावयाची नाही, कारण त्यातील मद्यार्क नमुन्यात मिसळेल. रक्त किमान पाच घनसेंटिमीटर घ्यावयाचे. ते गोठू नये आणि कुजू नये म्हणून कुपीत आधीच रसायन घातलेले असावे. कुपीवर नाव, वेळ आणि सही घेऊन ती मोहोरबंद करावी आणि रासायनिक विश्लेषकाकडे पाठवावी. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरून कुपीच्या तोंडावर मोहोर उमटविणाऱ्या शिपायाचे गांभीर्य मला फार आश्वासक वाटले, कारण न्यायाचा पुढचा सारा डोलारा त्या काचेच्या कुपीवर उभा राहावयाचा असतो. नुसता वास, लडखडती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून चालकाने मद्य प्राशन केले होते असा निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात म्हटले आहे. म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून खुद्द रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा झालेला आघात एका खटल्यापुरता नव्हता. अशा प्रत्येक मोहोरबंद कुपीवरचा लोकांचा विश्वास त्याने हलविला.

डॉक्टर जो तक्ता भरतात तो मी लक्षपूर्वक वाचला. श्वासास वास, होय किंवा नाही. वाचा, स्पष्ट किंवा अडखळती. बाहुल्या. चाल. नाडी. कपड्यांची स्थिती. स्थळकाळाचे भान. शेवटी अभिप्राय: मद्य प्राशन केले आहे, अंमलाखाली आहे किंवा नाही. हा माणूस किती वर्षे पितो, रोज पितो काय, सकाळी उठल्याबरोबर पितो काय, सोडण्याचा प्रयत्न केला होता काय, घरात काही घडले आहे काय, त्याला झोप लागते काय, जगणे नकोसे झाले आहे काय, यासाठी रकाना नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी याविषयी विचारले. ते म्हणाले, “मला पोलिसांनी दिलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. प्रश्न एवढाच असतो, की हा आत्ता प्यायलेला आहे का.” उत्तर प्रामाणिक होते. कायदा त्या रात्रीपुरता प्रश्न विचारतो आणि डॉक्टर त्या रात्रीपुरते उत्तर देतात.

न्यायालयातील अनुभव याहून वेगळा नाही. वाहतुकीचे इतर बहुतेक गुन्हे जागेवर दंड भरून मिटतात. कलम १८५ चा गुन्हा तसा मिटविता येत नाही, त्यासाठी न्यायासनापुढे उभे राहावेच लागते, आणि ही तरतूद मला योग्य वाटते. एका तालुक्याच्या न्यायालयात असे खटले एकामागून एक पुकारले जाताना मी पाहिले. नाव पुकारले जाते, इसम हजर होतो, दोषारोप वाचून दाखविला जातो, “गुन्हा कबूल आहे काय?” या प्रश्नाला खाली मान घालून “कबूल आहे, साहेब” असे उत्तर येते, आणि शिक्षा सुनावली जाते. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा पंधरा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय कलम २० प्रमाणे किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविणे न्यायालयास बंधनकारक आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत दंड हीच बहुधा शिक्षा होती. एका माणसास बाकावरून उठून पुन्हा बाकावर येईपर्यंत चहा निवण्याइतकाही वेळ लागत नसे. न्यायाधीशांपुढील फाइलींची चळत पाहिली म्हणजे त्यांच्या त्वरेचे कारण समजते.

त्या दिवशी व्हरांड्यात दोन माणसे माझ्या शेजारी बसली होती, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते त्या दोघांमुळेच मला उमगले. एक होता विशीतला तरुण, बागायतदाराचा मुलगा. मित्राच्या वाढदिवसाला ढाब्यावर पार्टी झाली, चौघांनी मिळून बाटल्या रिकाम्या केल्या, आणि घर आठच किलोमीटर असल्याने हा मोटार घेऊन निघाला. महिन्यातून एखादे वेळी पितो. न पिता राहणे त्यास मुळीच जड जात नाही. दंडाचे पैसे वडिलांनी खिशातून काढून मोजले. दुसरा होता चाळिशी उलटलेला टेंपोचालक, नेप्तीच्या बाजारात कांदा पोचविणारा, दुसऱ्यांदा सापडलेला. त्याचा चेहरा सुजट होता, बोटे मांडीवर ठेवलेली असूनही कापत होती. मी न विचारता तो म्हणाला, “दादा, लोकं म्हणत्यात पिऊन गाडी चालवतो. गाडी चालवायची असती म्हणूनच पितो. सकाळी घेतल्याबिगर स्टेरिंग धरवत नाय. हात लटलटा कापत्यात.” त्याची पत्नी पदराच्या गाठीतून पावती काढून पुन्हा पुन्हा पाहत होती. “गळ्यातलं गहाण टाकून दंड भरला, भाऊ,” ती म्हणाली. “आता सहा महिने लायसन नाय. टेंपोचा हप्ता कुणी भरायचा?”

या दोघांना एकच कलम लागले आणि दोघांच्या शिक्षेत पाच हजार रुपयांचा फरक पडला. न्याय्य शिक्षा म्हणजे काय, हा प्रश्न या व्हरांड्यावर इतका उघडा पडतो की त्यास बगल देता येत नाही. तरुणाचा अपराध अधिक पूर्ण आहे, कारण बाटली उघडताना आणि किल्ली फिरविताना तो सर्वस्वी मोकळा होता, आणि दोन्ही वेळी त्याने दुसऱ्याच्या जिवापेक्षा आपली सोय थोर मानली. टेंपोचालकाचे स्वातंत्र्य व्याधीने कुरतडलेले आहे, म्हणून त्याचा अपराध तितका पूर्ण नाही. परंतु रस्त्यावरील निरपराध माणसाला त्याच्यापासून असलेला धोका कितीतरी अधिक आहे, कारण तो उद्या पहाटेही पिऊनच निघणार आहे. जेथे दोष मोठा तेथे धोका लहान, आणि जेथे धोका मोठा तेथे दोष तोकडा. ठराविक आकड्याचा दंड या दोहोंपैकी कशाचेच माप घेत नाही. बागायतदाराच्या घरी दहा हजार रुपये ही एका सायंकाळची चर्चा असते, टेंपोचालकाच्या घरी पंधरा हजार म्हणजे मंगळसूत्र असते. फिनलंडने १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडे तिचा गंभीरपणे विचार होण्यास काय अडचण आहे, ते मला समजत नाही.

कोणी म्हणेल, व्याधीचे नाव पुढे करून मद्यपीस सूट द्यावयाची काय? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. स्वेच्छेने केलेली नशा हा बचाव होऊ शकत नाही हे तत्त्व इंडियन पीनल कोडात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे. ज्याचे हात न पिता कापतात त्याने वाहनच चालवू नये, आणि त्याचा परवाना काढून घेणे ही क्रूरता नसून रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांप्रती असलेले कर्तव्य आहे. जेथे प्राणहानी झाली तेथे तर मृताच्या आप्तांचा हक्क सर्वांत आधी येतो. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडून मेले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सहा महिने आणि तीन वर्षे यांतील अंतर पाहिले म्हणजे सात श्रमिकांच्या जिवाचे मोल ठरविताना आपले माप किती डळमळीत आहे, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. तेव्हा व्याधी हे दोषमुक्तीचे कारण नव्हे. परंतु शिक्षा ठरविताना आणि विशेषतः शिक्षेनंतर काय करावयाचे हे ठरविताना ती जमेस धरलीच पाहिजे, अन्यथा शिक्षा दिली गेली तरी रस्ता पूर्वीइतकाच असुरक्षित राहतो.

व्याधी हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरीत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे, मद्यावर अवलंबून असलेल्या दर अडतीस व्यक्तींपैकी जेमतेम एकीस कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळतो. पुष्कळांच्या बाबतीत दारूच्या खाली नैराश्य, निद्रानाश किंवा जुना शोक दडलेला असतो. आणि एक गोष्ट तर तातडीची आहे: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अकस्मात तुटली म्हणजे सहा-आठ तासांत थरकाप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा भ्रम जडू शकतो की ज्यात उपचारावाचून माणूस दगावतो. म्हणजे ज्यास आपण कोठडीत ‘उतरेपर्यंत’ ठेवतो, त्याची ती पहिली रात्र वैद्यकीय देखरेखीची असावयास हवी. ठाण्यातल्या वयस्क हवालदारांना हे अनुभवाने ठाऊक आहे. एकाने मला सांगितले की कोठडीत कोणी भिंतीवरचे किडे झटकू लागला, की ते लगेच गाडी काढावयास सांगतात.

मद्यपीस शिक्षा करण्याच्या बाबतीत या जिल्ह्याचा स्वतःचा एक इतिहास आहे, आणि त्यास टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे हे सैन्यात वाहनचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर त्यांच्या वाहनावर हल्ला झाला आणि त्यातून ते बचावले. १९७५ साली ते गावी परतले तेव्हा दारूच्या भट्ट्यांनी गाव पोखरलेले होते. यादवबाबांच्या मंदिरात ग्रामस्थांनी दारूबंदीचा निश्चय केला, भट्ट्या बंद झाल्या, आणि तरीही पिऊन येणाऱ्यास खांबाला बांधून सैन्यातल्या कमरपट्ट्याने फटके देण्यात आले. आई आजारी मुलाला कडू औषध पाजते, असे त्याचे समर्थन अण्णांनी केले आहे. राळेगणच्या कार्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु फटक्यांचे समर्थन मी करू शकत नाही, कारण उघड्यावर झालेल्या अपमानाने व्यसनी माणसाची लाज वाढते, आणि लाज विसरण्याचा त्यास ठाऊक असलेला उपाय एकच असतो. तथापि त्या गावाने एक गोष्ट केली, जी आमच्या नाक्यावर आणि न्यायालयात होत नाही. पिणारा कोण, त्याचे घर कोणते, काल तो कसा होता आणि आज कसा आहे, हे गावाला ठाऊक होते. शिक्षेनंतर तो नजरेआड होत नव्हता. त्याच्यासमोर पाणलोटाचे, शेताचे, मंदिराचे काम होते. माझ्या मते राळेगणची दारू सुटली ती या पाठपुराव्याने आणि या कामाने. पट्ट्याची आठवण मात्र अधिक ठळक राहिली.

पुण्याच्या त्या २०२४ च्या प्रकरणाने याच्या उलट दिशेने हानी केली. बाल न्याय मंडळाने त्या मोटारीच्या अल्पवयीन चालकास काही तासांतच जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध, वाहतूक पोलिसांबरोबर काम, व्यसनमुक्तीसाठी उपचार आणि मानसोपचारतज्ज्ञांचे समुपदेशन अशा अटी घातल्या. दोन शवे अद्याप घरी पोचावयाची होती. लोकांचा संताप सर्वथा रास्त होता. परंतु त्या संतापात निबंधाबरोबर समुपदेशनही श्रीमंतांच्या सुटकेची पळवाट म्हणून बदनाम झाले, आणि आमच्या व्हरांड्यातल्या टेंपोचालकासारख्या ज्या सहस्रावधी माणसांना त्याची खरी गरज आहे, त्यांच्यासाठी ते मागणे त्यानंतर अधिक अवघड झाले. उपचार शिक्षेच्या जागी आला की तो अन्याय ठरतो; शिक्षेच्या सोबत, न्यायालयाच्या देखरेखीखाली आणि चुकल्यास परिणाम भोगण्याच्या अटीवर आला, तर तोच रस्त्याचे खरे रक्षण करतो.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ४ प्रमाणे न्यायालय दोषी इसमास चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते, आणि त्या हुकुमात घालावयाच्या अटींमध्ये मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट कायद्याने नाव घेऊन सांगितली आहे. मात्र जेथे अपघातात मृत्यू घडला तेथे हा मार्ग मोकळा ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बजावले आहे, आणि त्याच्याशी मी सहमत आहे. कैदेत असलेल्या चालकाच्याही सुधारणेची दिशा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ मध्ये एका ट्रकचालकाच्या प्रकरणात दाखविली होती. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९ सराईत मद्यपी असलेल्या इसमास अपात्र ठरविण्याचा अधिकारच देते. पण सराईत कोण, हे त्याने कोणत्या कागदावरून ठरवावयाचे? तो प्रश्न डॉक्टरांच्या ज्या तक्त्यात विचारला जावयास हवा होता, तेथे रकानाच नाही.

प्रश्न विचारण्याचे साधनही तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बनविलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, सुरू केल्यावर थांबता येते काय, सकाळी घ्यावी लागते काय, असे तिचे साधे प्रश्न आहेत, आणि ती विचारण्यास काही मिनिटे पुरतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच प्रश्नावली वापरून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अपायकारक प्रमाणात पिणारे पुरुष निवडले, आणि डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून त्यांच्याशी चारपर्यंत भेटींत संवाद घडविला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तीन महिन्यांनी त्यांतील शेकडा ३६ जण अपायकारक पिण्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा २६ होते. फरक चमत्काराचा नाही, पण शेकडा दहा चालक म्हणजे रस्त्यावर किती जीव, याचा विचार करावा. अधिक जडलेल्या व्यसनासाठी पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभे केलेले मुक्तांगण आहे, जेथे पस्तीस दिवस राहून उपचार घेता येतात. आणि न्यायालयाची देखरेख कशी असावी, याचा एक नमुना अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याने २००५ पासून घालून दिला आहे: मद्यपी चालकाने रोज सकाळी व सायंकाळी येऊन यंत्रात फुंकावयाचे, आणि प्यायलेला आढळल्यास तत्काळ एक-दोन रात्री कोठडीत काढावयाच्या. लांबची मोठी शिक्षा व्यसनी मनाला दिसत नाही. उद्या सकाळची छोटी पण अटळ शिक्षा दिसते. आमच्या तालुक्यांतील पोलीस ठाणी आणि त्यांतील यंत्रे यासाठी पुरेशी आहेत.

पैशाचा प्रश्न निघेल म्हणून एक गोष्ट नमूद करतो. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा जिल्हा साखरेचा जिल्हा आहे, आणि साखरेच्या मळीपासून मद्यार्क होतो. मद्यावरील उत्पादनशुल्क हे शासनाच्या तिजोरीचे मोठे साधन आहे. त्या उत्पन्नाचा लहानसा अंश तालुक्यातालुक्यांतून समुपदेशक नेमण्यासाठी परत येणे, हा न्यायच होय.

टेंपोचालकाला मी निघताना १४४१६ हा शासनाच्या मानसिक आरोग्य साहाय्यवाणीचा क्रमांक लिहून दिला. तेथे मराठीत बोलता येते आणि खर्च पडत नाही. त्याने कागद पत्नीच्या हाती दिला. परंतु तो क्रमांक व्हरांड्यात भेटलेल्या एखाद्या अनोळखी माणसाने देण्याची गोष्ट नाही. तो दोषारोपाबरोबर, न्यायालयाच्या हुकुमाच्या कागदावर छापलेला असावयास हवा.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागास आणि नगरच्या वकीलमंडळींस माझी विनंती आहे. कलम १८५ चा खटला पुकारला जाण्याआधी, आरोपी व्हरांड्यात बसलेला असतो त्या वेळात, एका प्रशिक्षित समुपदेशकाने ते दहा प्रश्न त्यास विचारावेत. ती उत्तरे गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, अशी लेखी हमी त्यास द्यावी. आणि दोष शाबीत झाल्यावर, शिक्षा सुनावण्यापूर्वी, वकिलांनी ती उत्तरे न्यायासनापुढे ठेवून परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाची मागणी करावी. ज्याला व्यसन नाही त्यास निःशंक मनाने कठोर शिक्षा द्यावी. ज्याला आहे त्याचा परवाना रोखून ठेवावा, त्यास उपचारास पाठवावे, आणि तो बरा झाल्याचा वैद्यकीय दाखला हजर केल्याखेरीज परवाना परत करू नये. एका तालुक्यात, एका हंगामापुरता, हा प्रयोग करून पाहावा.